मरळीसाठी गळ टाकताय? रीळ नंतर बघा, आधी गळाचं टोक बघा

मन्नाएखेळ्ळी : पाऊस उघडला, तळी भरली की महामार्गावरच्या या चौकातून मागच्या सीटला लांब पिशव्या बांधलेल्या मोटारसायकली जायला लागतात. कुणी भालकी तालुक्यातल्या कारंजा जलाशयाकडे, कुणी चिंचोळीच्या बाजूला, तर कुणी आपल्याच गावच्या तळ्याच्या बांधावर. पूर्वी अशी पिशवी लागत नव्हती. काठी वाटेतच तोडायची, खिशात दोरा आणि दोन गळ, डब्यात गांडुळं, झालं. आता पिशवीत कार्बनचा रॉड असतो, चकचकीत रीळ असतं, रंगीत दोरा असतो आणि डबीभर रबरी बेडूक. तीन-चार हजारांचा ऐवज सहज होतो. तरी संध्याकाळी परतताना गोष्ट तीच : ‘लागली होती, पण सुटली.’

सुटली ती का सुटली, याचं उत्तर बहुतेक वेळा रीळमध्ये नसतं. पण दुकानात गेल्यावर पोरं आधी रीळच फिरवून बघतात, आणि खिशातला निम्म्याहून जास्त पैसा तिथंच जातो. मग उरलेल्या पैशात स्वस्तातला दोरा आणि पाकिटातले मिळतील ते गळ. हा हिशोबच उलटा आहे. मरळीसारख्या माशासाठी जी वस्तू माशाच्या जितकी जवळ, तिचं महत्त्व तितकं जास्त. आधी गळ, मग गाठ आणि दोरा, त्यानंतर रॉड आणि सगळ्यात शेवटी रीळ. असं का, ते समजून घेऊ.

माल बासचा, मासा आपला

दुकानात किंवा ऑनलाइन मिळणारा यातला बराचसा माल मुळात आपल्या माशासाठी घडलेलाच नाही. पोकळ रबरी बेडूक, दणकट आखूड रॉड, रॉडच्या वरच्या अंगाला बसणारं बेटकास्टर रीळ या सगळ्या गोष्टी वाढल्या त्या अमेरिकेत, लार्जमाउथ बास नावाच्या माशाच्या मागं लागून. हा बास आपल्या कारंजात नाही आणि मांजरेतही नाही. पण त्याच्यासारखीच शिकार करणारी मरळ आहे. पाणवनस्पतीत दबा धरून बसायचं, वरून काही हाललं की झडप घालायची आणि तोंडात धरून पुन्हा झाडोऱ्यात शिरायचं, ही दोघांची सवय सारखी. त्यामुळे बासचं सामान मरळीला चालतं. पण सरसकट चालत नाही, आणि घोळ नेमका तिथं होतो.

मरळीचं तोंड बासपेक्षा कठीण. जबड्यात दात, वर टाळूला हाड. गळाचं टोक त्या हाडावरून घसरलं की मासा गेला. दुसरी गोष्ट, मरळ हवेतला श्वास घेते. नुसत्या पाण्यातल्या प्राणवायूवर तिचं भागत नाही, म्हणून थोड्या थोड्या वेळानं ती पृष्ठभागावर येऊन घोट घेते. जाणता गळवाला हा बुडबुडा बघूनच बेडूक टाकतो. उथळ, गढूळ, शेवाळानं भरलेल्या पाण्यात जिथं रोहू-कटला तग धरत नाहीत तिथं मरळ टिकते ती याच्यामुळेच. म्हणजे मासा सापडणार तो अडचणीच्या जागी, आणि ओढून काढायचा तोही अडचणीतूनच.

सीमेपलीकडं जहीराबादच्या बाजारात हीच मरळ कोर्रमीनु या नावानं विकली जाते. तेलंगणानं तिला राज्याचा मासा केलं आहे. मृगाच्या सुरुवातीला हैदराबादच्या नामपल्ली मैदानावर दम्याच्या रुग्णांना जे ‘मत्स्यप्रसाद’ म्हणून गिळायला देतात, ते मरळीचंच पिल्लू. त्यानं दमा बरा होतो का, हा वेगळा विषय.

गळाच्या शब्दाचीही इथं गंमत आहे. मराठीत गळ, कन्नडमध्ये गाळ, तेलुगूत गालम. तिन्ही भाषांच्या माणसांना एकमेकांचं लगेच कळतं. फक्त मराठी माणूस ‘गाळ’ म्हणतो तेव्हा त्याच्या डोळ्यांपुढं तळाचा चिखल असतो. तळ्यावर कुणी कन्नडमध्ये ‘गाळ’ म्हणून ओरडला तर पाय सांभाळायचा की दोरा, हे आधी बघावं.

काट्यावरची परीक्षा

गळ सगळ्यात महत्त्वाचा का, हे पटवून घ्यायला दुकानदाराची गरज नाही. भंगारवाल्याकडं असतो तसला लटकता ताणकाटा घ्या. तो एखाद्या खांबाला पक्का बांधा, त्याच्या हुकाला दोऱ्याचं टोक बांधा. पंधरा-वीस पावलं मागं या आणि मासा लागल्यावर जसा रॉड उचलता तसा उचला. दुसऱ्या कुणाला तरी काट्यावरचा आकडा वाचायला सांगा.

तीन-चार किलोच्या पुढं आकडा नेताना बहुतेकांच्या मनगटाला घाम फुटतो. कारण साधं आहे. रॉड ही उलटी पहार आहे. पहारीनं लांब बाजूला जोर लावून दगड हलवतो, इथं मात्र हात आखूड बाजूला आणि मासा लांब बाजूला. रॉड जितका लांब तितका माणसाचा जोर कमी पडतो. म्हणजे अंगात कितीही ताकद असली तरी माशाच्या तोंडापर्यंत पोचते ती एवढीच.

आता एवढ्या जोरात गळ हाडात रुतवायचा आहे. टोक सुईसारखं असेल तर दोन किलोच्या ओढीतही ते शिरतं. बोथट असेल तर तोच जोर टोकाच्या रुंदीवर पसरतो आणि गळ नुसता दाबून राहतो. मरळ डोकं झटकते, तोंड उघडते, बेडूक हवेत उडून परत येतो. ‘लागली होती’ म्हणतात ते हे. खरं तर ती लागलेलीच नव्हती, तिनं नुसतं धरलं होतं.

टोक तपासायची रीत जुनी आणि फुकटची आहे. अंगठ्याच्या नखावर गळाचं टोक हलकेच टेकवून ओढा. घसरत गेलं तर बोथट, जागेवर अडकलं तर धार आहे. नवा गळ पाकिटातून काढला की एकदा बघायचं, आणि दगडावर आपटला की पुन्हा बघायचं. धरणाच्या दगडी पिचिंगवरून बेडूक ओढला तर दोन-चार वेळातच टोक मुडपतं. बारीक कानस किंवा चाकूला धार लावायचा छोटा दगड खिशात असला तर तिथल्या तिथं काम होतं. टोक फारच मुडपलं असेल तर गळ बदला, त्यात जीव अडकवू नका.

धारेनंतर तार बघायची. स्वस्त गळाची तार मऊ असते, चांगल्या मरळीच्या झटक्यात ती उघडते. पक्कडीत धरून वाकवून बघितलं तर लगेच समजतं : वाकून तशीच राहिली तर मऊ, थोडी वाकून परत आली तर ठीक, तुटली तर ठिसूळ. आकड्यांचा गोंधळही अनेकांचा होतो. साध्या आकड्यात १० नंबरचा गळ ४ नंबरपेक्षा लहान असतो. आकडा वाढला की गळ बारीक. पण १/०, २/०, ३/० असं लिहिलं असेल तर उलटं, तिथं आकड्याबरोबर गळ मोठा होत जातो.

रबरी बेडकाला बहुधा दुहेरी गळ असतो, पाठीला चिकटून बसलेला, झाडोऱ्यात अडकू नये म्हणून. मरळीनं चावलं की रबर दबतं आणि टोकं बाहेर येतात. रबर कडक असेल तर ते दबत नाही. म्हणून बेडूक विकत घेताना रंग बघण्याआधी दोन बोटांत दाबून बघावा. टोकं सहज बाहेर आली पाहिजेत. रंगावर दुकानात जेवढी चर्चा होते तेवढी तळ्यावर होत नाही. गढूळ पाण्यात मरळ खालून बघते तेव्हा तिला दिसते ती मुख्यतः सावली आणि हालचाल.

आणि एक घाई. पाणी फुटल्याचा आवाज आला की हात आपोआप झटका देतो. तेव्हा बेडूक अजून ओठातच असतो. क्षणभर थांबून, दोऱ्यावर वजन आल्यावर झटका द्यायचा. हे सामानात मोडत नाही, पण यासाठी सामानाला बरीच बोलणी बसतात.

दोरा : तंगूस की विणलेला

गळाइतकाच, काही वेळा त्याच्याहून जास्त, दोरा महत्त्वाचा. आपल्याकडं तंगूस म्हणतात तो नायलॉनचा एकेरी दोरा. नायलॉन १९३५ साली अमेरिकेतल्या ड्यू पॉन्ट कंपनीत वॉलेस कॅरोदर्स यांच्या प्रयोगशाळेत तयार झाला आणि थोड्याच वर्षांत गळाच्या दोऱ्यात शिरला. स्वस्त, पारदर्शक, गाठ चांगली धरणारा. रोहू-कटल्याला आजही त्याच्यासारखा दोरा नाही. पण त्याचा एक गुण मरळीला आडवा येतो : तो ताणला जातो.

वीस मीटरवर मरळीनं बेडूक धरला आणि इकडून झटका दिला, तर त्या झटक्याचा मोठा भाग दोरा ताणण्यातच विरतो. रबराच्या पट्ट्यानं खिळा ओढल्यासारखं. आधीच हातातून पोचणारा जोर तीन-चार किलोचा, त्यातला निम्मा वाटेतच संपला तर हाडात काय रुतणार? म्हणून झाडोऱ्यातल्या मरळीसाठी विणलेला दोरा वापरतात. दुकानात त्याला ब्रेडेड म्हणतात. तो पॉलिथिलीनच्या अतिशय मजबूत धाग्यांचा असतो, जवळजवळ ताणलाच जात नाही आणि तेवढ्याच जाडीच्या नायलॉनपेक्षा कितीतरी पक्का असतो. वर तो पाण्यावर तरंगतो, त्यामुळे बेडकाची चाल बिघडत नाही. फ्लुओरोकार्बन नावाचा महागडा दोरा मात्र बुडतो. बेडकासाठी तो घेऊन उपयोग नाही, दुकानदार कितीही म्हणू दे.

दोऱ्याच्या पाकिटावर पौंडात आकडा असतो. एक पौंड म्हणजे साधारण ४५० ग्रॅम. ३० पौंडी दोरा म्हणजे साडेतेरा किलोचा. आता कुणीही विचारेल, हाताचा जोर चार किलोचा आणि मासा दोन किलोचा, तर ३०-४० पौंडी दोरा कशाला? तो माशासाठी नाही, झाडोऱ्यासाठी आहे. मरळीबरोबर दोन-तीन किलो शेवाळ येतं, कमळाचे देठ येतात, दोरा दगडावर घासतो. शिवाय गाठीपाशी दोरा कायम थोडा कमजोर असतो. ही सगळी वजावट धरूनच आकडा निवडायचा. मोकळ्या पाण्यात २० पौंडी पुरतो, दाट पाणवनस्पतीत ४० आणि गरज पडली तर ५०.

विणलेल्या दोऱ्याचे दोन त्रास आहेत. गुळगुळीत असल्यानं तो रीळच्या चकतीवर आख्खाच्या आख्खा सरकतो. वाटतं ड्रॅग बिघडलंय. खाली आधी नायलॉनचे दहा-बारा वेढे घेतले की सरकत नाही. दुसरा त्रास जास्त गंभीर. गळ अडकल्यावर हा दोरा हाताला गुंडाळून ओढला तर बोट चिरतं, खोल चिरतं. काठीचा तुकडा घ्या, त्यावर दोरा गुंडाळा आणि मग ओढा.

नायलॉन वापरणाऱ्यांनी त्याचं वय बघावं. उन्हानं नायलॉन सडतो, आणि आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या उन्हात मोटारसायकलला बांधून ठेवलेला रॉड म्हणजे दोरा सडवायची सोयच. मागच्या वर्षीचा दोरा दोन्ही हातांनी झटका देऊन बघा. तुटला तर तो घरीच तुटलेला बरा. दरवेळी गळाजवळचा हातभर दोरा दोन बोटांतून फिरवायचा, खरखरीत लागला तर तेवढा कापून नवी गाठ मारायची.

गाठीवर मात्र थोडं थांबायला पाहिजे, कारण इथं एक रुपया लागत नाही आणि सगळ्यात जास्त मासे इथंच सुटतात. शेवटाला गुरुगुरु वळलेला, केसासारखा कुरळा झालेला दोरा परत आला तर तो तुटलेला नाही, गाठ सुटलेली आहे. नायलॉनला जी पाच-सहा पिळांची साधी गाठ चालते ती विणलेल्या दोऱ्यावर घसरते. त्यासाठी पॅलोमर नावाची गाठ सोपी आणि पक्की. दोरा वीतभर दुहेरी करायचा. ती दुहेरी कडी गळाच्या डोळ्यातून ओवायची. ओवलेल्या दुहेरी दोऱ्याची एक साधी सैल गाठ मारायची, गळ त्या गाठीखाली लोंबकळता ठेवायचा. मग कडी उघडून त्यातून आख्खा गळ किंवा बेडूक बाहेर काढायचा. थुंकीनं ओली करायची आणि सावकाश आवळायची. ओली केली नाही तर आवळताना घर्षणानं दोरा तापतो आणि नायलॉन तिथंच कमजोर होतो. आवळल्यावर गळ कशाला तरी अडकवून जोरात ओढून बघायची. सुटायची असेल तर ती काठावर सुटू दे.

नऊशे वर्षांपूर्वी, इथंच

हौशी गळ म्हणजे मोबाइलवरच्या व्हिडिओतून आलेलं नवं खूळ, असं घरातल्या मोठ्यांना वाटतं. त्यांना हुमनाबादच्या पलीकडच्या बसवकल्याणची आठवण करून द्यायला हरकत नाही. तिथं, म्हणजे तेव्हाच्या कल्याणीत, चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा यानं बाराव्या शतकात, ११३० च्या आसपास ‘मानसोल्लास’ हा संस्कृत ग्रंथ रचला. राजाच्या करमणुकी सांगताना त्यात ‘मत्स्यविनोद’ नावाचं आख्खं प्रकरण आहे, गळानं मासे पकडण्यावर. काठी, दोरा, गळ, कोणत्या माशाला काय खाऊ घालून काठाजवळ आणायचं, असा सगळा तपशील. मत्स्यशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनी १९५१ साली एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात या प्रकरणावर सविस्तर लिहिलं. इंग्रजीतलं गळाचं सर्वांत गाजलेलं पुस्तक, आयझॅक वॉल्टनचं, १६५३ सालचं. म्हणजे कल्याणीचा राजा त्याच्या पाचशे वर्षं आधीचा.

आणि आज दुकानात सगळ्यात जास्त दिसणारं, चकती स्थिर राहून दोरा सुटणारं स्पिनिंग रीळ? त्याचं पेटंट १९०५ सालचं, इंग्लंडमधल्या लोकरीच्या धंद्यातल्या आल्फ्रेड इलिंगवर्थ यांचं. गिरणीतल्या कांडीवरून सूत सुटताना बघून त्यांना ते सुचलं, असं सांगतात. त्याआधीची शेकडो वर्षं लोक मासे पकडतच होते.

रॉड : आकडे वाचून घ्या

रॉडचं काम दोन. बेडूक हवा तिथं टाकणं, आणि झटक्याचा जोर दोऱ्यात उतरवणं. मरळीसाठी साडेसहा ते सात फुटांचा, टोकाला थोडा लवणारा पण कंबरेत ताठ असा रॉड लागतो. सगळाच लवचीक असेल तर झटका रॉडमध्येच मुरतो. मग दोरा विणलेला घेऊन काय फायदा?

रॉडच्या मुठीजवळ दोन आकडे छापलेले असतात. एक ग्रॅममध्ये, म्हणजे किती वजनाचं आमिष टाकता येईल, आणि दुसरा पौंडात, दोऱ्याचा. बेडूक बहुधा १० ते २० ग्रॅमचा असतो. रॉडवर ३ ते ७ ग्रॅम छापलं असेल तर तो कितीही सुंदर असू दे, मरळीचा नाही.

पहिला रॉड कार्बनचा घ्यावा की फायबरग्लासचा, यावर तळ्यावर वाद होतात. कार्बन हलका, हाताला बारीक हालचाल कळते. पण एकदा मोटारसायकलच्या सायलेन्सरला किंवा दगडाला ठोकर बसली की आत चीर पडते आणि पुढच्या माशाला तो काडकन मोडतो. फायबरग्लास जड, पण मार खातो. नवशिक्यानं, त्यातही मोटारसायकलवरून रॉड नेणाऱ्यानं, फायबरग्लास घेतलेला बरा. कार्बनची दुसरी गोष्ट जिवावरची आहे : त्यातून वीज वाहते. कॅनॉलच्या कडेनं, विहिरी-तळ्यांवरच्या पंपांच्या तारांखाली उभा रॉड घेऊन चालू नये, आणि वीज कडाडायला लागली की रॉड खाली ठेवून काठापासून दूर व्हावं.

रॉडवरच्या कड्या महत्त्वाच्या, पण त्या कुणी बघत नाही. आतल्या गुळगुळीत रिंगणाला बारीक टवका उडाला असेल तर तो दरवेळी दोरा कापतो. कापसाचा बोळा प्रत्येक कडीतून फिरवायचा. धागा अडकला तर तिथं दोष आहे.

मग रीळ कशाला?

दोरा साठवायला, टाकायला आणि गुंडाळायला. मरळीसाठी त्याच्याकडून याहून जास्त मागणी नाही. मासा पळू द्यायचाच नसतो, झाडोऱ्यात शिरण्याआधी बाहेर ओढायचा असतो, म्हणून ड्रॅग, म्हणजे दोरा किती ओढीला सुटायचा ते ठरवणारा ब्रेक, जवळपास बंदच ठेवतात. डब्यावर ‘ड्रॅग १० किलो’ लिहिलेलं बघून जास्तीचे पैसे देणाऱ्यानं ताणकाट्यावरचा आपला आकडा आठवावा. ‘बारा बेअरिंग’चंही तसंच. चार चांगल्या बेअरिंगचं रीळ बारा सुमार बेअरिंगच्या रीळपेक्षा जास्त दिवस फिरतं. मूठ हलवून बघा, खडखडते का; दोरा गुंडाळताना चकतीवर एकसारखा बसतो का बघा. एवढं ठीक असेल तर पुरे.

बासच्याच दुनियेतलं उदाहरण घ्या. २ जून १९३२ रोजी, मंदीच्या काळात, जॉर्ज पेरी नावाच्या तरुण शेतकऱ्यानं जॉर्जिया राज्यातल्या माँटगोमेरी तळ्यात २२ पौंड ४ औंसांचा, म्हणजे दहा किलोंच्या वरचा बास काढला. तो आणि त्याचा मित्र मिळून त्यांच्याकडं एकच रॉड होता, असं सांगतात. पुढं अमेरिकेत या माशावर कोट्यवधींचा धंदा उभा राहिला, रीळ कुठल्या कुठं गेली, पण तो विक्रम आजही मोडलेला नाही. २ जुलै २००९ रोजी जपानच्या बिवा सरोवरात मानाबू कुरिता यांनी त्याची बरोबरी तेवढी केली. त्यांचा मासा औंसभर जड होता, पण नियमानं विक्रम मोडायला किमान दोन औंसांचा फरक लागतो.

रोहू, कटला, मृगळ यांच्यासाठी मात्र वरचा क्रम चालत नाही, हे लक्षात ठेवलं पाहिजे. पिठाच्या गोळीवर लागणारे हे मासे मोकळ्या पाण्यात लांब पळतात आणि त्यांचे ओठ मऊ असतात. तिथं ड्रॅग गुळगुळीत सुटणं फार गरजेचं. अडखळत सुटलं तर ओठ फाटतो किंवा दोरा तुटतो. दोऱ्याच्या ताकदीच्या चौथ्या ते तिसऱ्या हिश्श्यावर ड्रॅग लावायचं. दोरा नायलॉनचा, कारण त्याचं ताणणं इथं झटके झेलतं. कारंजाच्या मोकळ्या पाण्यावर कटल्यासाठीच बसणार असाल तर चांगल्या रीळवर घातलेला पैसा वाया जाणार नाही.

मरळीचा हिशोब मात्र असा मांडता येईल. समजा हातात ३,००० रुपये आहेत. नेहमीची खरेदी : रीळ १,८००, रॉड ८००, उरलेल्या ४०० मध्ये दोरा, गळ, बेडूक सगळं. त्याऐवजी ६०० चे चांगले बेडूक आणि सुटे गळ, ६०० चा विणलेला दोरा, १,००० चा रॉड आणि ८०० चं साधं रीळ. दुकानागणिक भाव बदलतील, प्रमाण लक्षात घ्यावं. पुढच्या हंगामात वापरून संपतो तो दोरा आणि गळ. त्यासाठी वर्षाला हजारभर रुपये वेगळे धरले नाहीत तर १,८०० चं रीळ सडक्या दोऱ्यावरच फिरत राहतं.

तळं कुणाचं?

सामान घेतलं म्हणजे कुठंही गळ टाकता येतो असं नाही. कर्नाटकात तळ्यांचा मासेमारीचा हक्क ठेक्यानं दिला जातो, जलाशयांवर परवाने असतात. महाराष्ट्रात बऱ्याच तलावांचा ठेका मच्छीमार सहकारी संस्थांकडं असतो. त्यांनी पैसे भरून बीज सोडलेलं असतं. हौस म्हणून काढलेला दोन किलोंचा मासा त्यांच्या जमाखर्चात तोटा म्हणून बसतो. ठेकेदाराला किंवा संस्थेला आधी विचारलं तर भांडण होत नाही. काही जण मरळीला हरकत घेत नाहीत, कारण ती त्यांचं बीज खाते. चिंचोळीजवळचं चंद्रमपळ्ळी धरण वन्यजीव अभयारण्यात येतं. तिथं वनखात्याच्या परवानगीशिवाय गळ टाकणं म्हणजे थेट गुन्हा ओढवून घेणं.

पावसाळ्याच्या सुरुवातीला काठाजवळच्या पाण्यात लालसर पिल्लांचा घोळका फिरताना दिसतो. खाली मरळीची जोडी त्यांची राखण करत असते आणि त्यावरून काहीही गेलं तरी अंगावर येते. त्या वेळी तिला पकडायला ना रीळ लागतं ना कौशल्य. पण जोडी काढली की शेकडो पिल्लं दुसरे मासे खाऊन टाकतात. त्या घोळक्यावर बेडूक टाकू नये, आणि कुणी टाकत असेल तर सांगावं.

तुटलेला दोरा काठावर टाकून येऊ नका. विणलेला दोरा वर्षानुवर्षं कुजत नाही, आणि तळ्यावर पाण्याला येणाऱ्या म्हशीच्या खुरात तो गुंतला तर सोडवायला चाकू लागतो. रिकाम्या पाण्याच्या बाटलीत तुकडे भरायचे, बूच लावायचं आणि पिशवीत टाकून घरी आणायचे.